कच्चें छायाचित्र आणि त्याचा आचारी

हल्लीं ज्याच्या त्याच्या हातांत कॅमेरा दिसतो. पूर्वीं सबंध पेठेंत एखादाच छायाचित्रकार असे. लग्नमुंजीच्या प्रसंगीं त्यास बोलावणें जाई, आणि त्यानें काढलेली तसबीर घराच्या भिंतीवर दोन दोन पिढ्या लटकत राही. आतां इयत्ता आठवींतील मुलाच्या हातचा मोबाइल दिवसाला शंभर छायाचित्रें सहज काढतो. साधन सुलभ झालें ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु साधनें वाढलीं म्हणजे निवडीचे प्रश्नहि वाढतात. शाळेच्या छायाचित्र-मंडळाचें काम माझ्याकडे असल्यामुळें यांतील एक प्रश्न वारंवार माझ्यापुढें येतो. पालकसभा आटोपली कीं एखादे गृहस्थ मला बाजूस घेऊन विचारतात, "सर, चिरंजीवांस कॅमेरा घेऊन दिला. आतां तो म्हणतो, छायाचित्रें 'रॉ' काढावयाचीं, आणि तीं उघडण्यास निराळें सॉफ्टवेअर पाहिजे. त्याला वर्गणी पडते म्हणे. हें खरोखर जरूर आहे काय? आणि असल्यास कोणतें घ्यावें?"

या प्रश्नाला एका वाक्यांत उत्तर देतां आलें असतें, तर हीं पानें अडविण्याचें मला कारण नव्हतें. उत्तर विचारणाऱ्याप्रमाणें बदलतें. तथापि तें शोधण्याची एक रीत आहे, आणि ती सर्वांस सारखीच उपयोगी पडेल असें मला वाटतें. ती सांगावी, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम 'रॉ' म्हणजे काय तें पाहूं. या शब्दाचा अर्थ 'कच्चें' असा आहे. कॅमेऱ्याच्या पोटांत पूर्वीं फिल्म असे. तिच्या जागीं आतां प्रकाश टिपणारा संवेदक असतो. त्यावर कोट्यवधि सूक्ष्म घरें असतात. नवलाची गोष्ट अशी कीं, या घरांना रंग मुळींच कळत नाहीं. आपल्यावर उजेड किती पडला, एवढेंच तीं सांगूं शकतात. म्हणून प्रत्येक घरावर तांबड्या, हिरव्या अथवा निळ्या रंगाची चाळणी बसविलेली असते. ही मांडणी ईस्टमन कोडॅक कंपनींतील ब्राइस बेयर या शास्त्रज्ञानें शोधून काढली, व १९७६ सालीं तिचें पेटंट मिळालें. तींत निम्मीं घरें हिरवीं, पाव तांबडीं व पाव निळीं असतात. कारण उजेड-अंधाराचा बारकावा मनुष्याच्या डोळ्यास हिरव्या प्रकाशांत अधिक जाणवतो. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हीच मांडणी आहे. अर्थात् प्रत्येक घरास एकाच रंगाची माहिती असते. उरलेल्या दोन रंगांचा अंदाज शेजारच्या घरांवरून कोणी तरी करावयाचा असतो.

नेहमींच्या पद्धतींत हें काम कॅमेरा स्वतःच क्षणार्धांत उरकतो. रंग ठरवितो, उजेड-सावली जुळवितो, आणि 'जेपेग' नांवाचें तयार चित्र आपल्या हातीं देतो. उरलेली सर्व नोंद तो टाकून देतो. जेपेगमध्यें प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. कच्च्या फाइलींत बहुधा १२ किंवा १४ बिटांची नोंद असते, म्हणजे ४,०९६ अथवा १६,३८४ पायऱ्या. अंधाऱ्या कोपऱ्यांतील बारकावा वर काढावयाचा झाला, तर या जादा पायऱ्या कामास येतात. जेपेग म्हणजे खाणावळींतून आलेला डबा, आणि रॉ म्हणजे कोरडा शिधा, असें मी मुलांना सांगतों. डब्यांतील आमटी खारट निघाली तर वरून पाणी घालतां येईल, याहून अधिक कांहीं नाहीं. शिधा घरांत असला तर त्याचें काय करावयाचें तें आपल्या हातीं असतें. मात्र शिधा कोणी तसाच खात नाहीं. त्यास आचारी लागतो. कच्च्या फाइलींतून चित्र सिद्ध करणारें सॉफ्टवेअर हा तो आचारी होय.

यावरून पालकांच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर निघतें. सर्वांस, सर्व वेळीं, शिध्याची जरूर नाहीं. सहलीचीं, क्रीडामहोत्सवाचीं, वाढदिवसाचीं छायाचित्रें जेपेगमध्यें उत्तम येतात. कच्ची फाइल जागाहि फार अडविते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची १४ बिटांची नोंद कांहीं न दाबतां जशीच्या तशी ठेविली, तर एका चित्रास ४२ मेगाबाइट लागतील. दाबून ठेविली तरी ती जेपेगहून बरीच मोठी असते. शिवाय प्रत्येक फाइलीमागें संगणकापुढें वेळ घालवावा लागतो, तो निराळाच. जेथें उजेड बिकट आहे, किंवा जें चित्र आपणांस जन्मभर जपावयाचें आहे, तेथें रॉ काढावें. त्यासाठीं मोठा कॅमेराच लागतो असेंहि नाहीं. अँड्रॉइडवर २०१४ च्या आणि आयफोनवर २०१६ च्या आवृत्तीपासून कच्ची नोंद घेण्याची सोय आहे. प्रत्येक मोबाइलमध्यें ती नसते. आपल्यांत आहे कीं नाहीं तें पाहून घ्यावें.

मी या विषयांत खोल शिरलों तो माझ्या आजीच्या एका छायाचित्रामुळें. आमचें मूळ घर कोंकणांत, चिऱ्याचें, खालच्या छपराचें आणि अंधाऱ्या माजघराचें. श्रावणांतील एके सकाळीं पाऊस उघडला होता, आणि आजी मागील दाराशीं विळीवर नारळ खवीत बसली होती. त्यावेळीं ती नव्वदीच्या घरांत होती. तिच्या पाठीमागें उघडें दार, आणि दाराबाहेर ओली हिरवी वाडी लखलखत होती. संवेदकाचें घर उजेडानें एकदां काठोकाठ भरलें कीं पुढची नोंदच राहत नाहीं, आणि तेथें नुसता पांढरा डाग उरतो. यास्तव मीं बाहेरच्या उजेडाच्या मापानें छायाचित्र घेतलें. आजीचा चेहरा अंधारांत गेला, परंतु कॅमेरा रॉवर लावलेला असल्यामुळें तो मागाहून वर येईल अशी मला खात्री होती.

पुढच्या माघांत आजी गेली. तिचें त्या वयांतलें, ती स्वतःच्या कामांत असतांनाचें, दुसरें चित्र घरांत कोणाकडेहि नव्हतें. दिवस-कार्यें उरकल्यावर आत्या मला म्हणाली, "तुझ्याजवळचा तो फोटो मोठा करून दे रे. मला माझ्या घरांत लावावयाचा आहे." आत्या पुढें आमच्याकडे चार दिवस राहावयास आली, तेव्हां मीं ती फाइल तीन निरनिराळ्या सॉफ्टवेअरांत उघडली, चेहरा तिन्हींत सारखाच उजळला, आणि तीं चित्रें तिच्यापुढें शेजारी शेजारी मांडलीं. त्यांचीं नांवें येथें सांगत नाहीं. दुसऱ्या कॅमेऱ्याच्या फाइलीवर निराळा अनुभव येणें अगदीं शक्य आहे.

एकाच फाइलींतून तीन आज्या निघाल्या. पहिलींत चेहरा तांबूस आणि सुरकुत्या गडद होत्या. दुसऱ्या चित्रांत कांति नितळ, उजळ, पावडर लावल्यासारखी दिसत होती. तिसऱ्यांत सर्वच फिकें, आणि दारांतून आलेल्या हिरव्या उजेडाची छटा गालावर पसरलेली. मला दुसरें चित्र सर्वांत देखणें वाटलें. आत्या बराच वेळ पाहत राहिली. पहिल्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "ही उन्हांतून चालून आल्यासारखी दिसते." तिसऱ्याकडे पाहून म्हणाली, "ही आजारी आहे." दुसऱ्यापाशीं मात्र ती थबकली आणि म्हणाली, "दिसते सुरेख. पण आई एवढी गोरी कधीं होती रे? ती चांगली सावळी होती. आणि कपाळ गालांपेक्षां काळें होतें. चुलीपुढें जन्म गेला तिचा."

त्या बोलण्यानें माझ्या विचारास निराळी दिशा मिळाली. तोंवर मी सॉफ्टवेअरांची तुलना कोष्टकें पाहून करीत होतों: कोणतें वेगवान्, कोणांत सोयी अधिक, कोणाची किंमत किती. आजीच्या कपाळाचा रंग कोणत्याच कोष्टकांत नव्हता.

असें कां व्हावें, याचें शास्त्रीय कारण आहे. कच्च्या फाइलींत नुसते आंकडे असतात. अमुक आंकड्याचा तांबडा पडद्यावर कसा दिसावा, सावलीचा भाग किती उचलावा, कातडीचा रंग पिवळ्याकडे झुकवावा कीं गुलाबीकडे, हें सॉफ्टवेअर करणाऱ्यांनीं आधींच ठरवून ठेविलेलें असतें. आपण फाइल उघडतांच जें दिसतें, तें त्यांच्या पसंतीचें चित्र असतें. मुलें पुष्कळदां तक्रार करतात कीं, कॅमेऱ्याच्या पाठीवर चित्र टवटवीत होतें, आणि संगणकावर उघडल्याबरोबर त्याचा रंग उडाला. त्यांतहि हेंच रहस्य आहे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसतें तें कॅमेऱ्यानें स्वतः केलेलें छोटें जेपेग असतें. तें कच्च्या फाइलीच्या पोटांतच ठेविलेलें असतें. संगणकावरील सॉफ्टवेअर तोच शिधा आपल्या हातानें नव्यानें शिजवितें, म्हणून चव बदलते.

या पसंतीमागें कोणाचा तरी डोळा असतो, याचा एक दाखला छायाचित्रणाच्या इतिहासांतच आहे. रंगीत फिल्मच्या काळीं प्रयोगशाळांतून छपाईचे रंग जुळविण्याकरितां कोडॅकचें एक नमुन्याचें कार्ड वापरीत. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचें चित्र असे, आणि त्या कार्डास 'शर्ली' असेंच नांव पडलें होतें. तिची कांति ठीक छापली गेली कीं यंत्र ठीक, अशी ती कसोटी होती. सावळ्या व काळ्या माणसांचे चेहरे त्या कसोटींत कोठेंच नव्हते, आणि त्यांच्या छायाचित्रांस त्याचा फटका बसे. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलें कार्ड १९९० नंतरच्या दशकांत आलें. आजचीं सॉफ्टवेअरें त्या कार्डावर चालत नाहींत. तरी पण प्रथम दर्शनीं जें दिसतें तेंच खरें असें मानूं नये, हा धडा त्या हकीकतींतून घेण्यासारखा आहे.

पुढें मीं तिसरें, फिकें चित्र घेतलें आणि आत्याला शेजारीं बसवून त्यावर दोन संध्याकाळ काम केलें. आजीच्या मागें चुन्यानें रंगविलेली भिंत होती. तिचा पांढरा रंग धरून हिरवी छटा काढली. चेहऱ्याचा उजेड थोडा वाढविला, कपाळाचा मात्र वाढविला नाहीं. "आतां पुरे," असें आत्या म्हणाली, तेथें हात थांबविला. मग कुतूहल म्हणून दुसऱ्या सॉफ्टवेअरांतहि तेंच करून पाहिलें. तेथेंहि जवळजवळ तोच चेहरा साधला, आणि वेळ निम्माहि लागला नाहीं. तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, चांगलीं सॉफ्टवेअरें बहुधा एकाच ठिकाणीं पोंचवितात. वाट कोणाची किती लांब, आणि ती वाट शिकण्याची चिकाटी आपणांत किती, एवढाच फरक. म्हणून निवडीची माझी पहिली कसोटी अशी: ज्याचा चेहरा आपणांस पुरतेपणीं ठाऊक आहे अशा माणसाचें एक अवघड चित्र घ्यावें, आणि तें त्या माणसासारखें दिसेपर्यंत प्रत्येक सॉफ्टवेअरांत एकेक दिवस काम करून पाहावें. बहुतेक विकाऊ सॉफ्टवेअरें कांहीं दिवस फुकट वापरावयास मिळतात, तेवढी मुदत यास पुरेशी आहे.

दुसरी कसोटी अधिक दूरवरची आहे, आणि ती पालकांनीं विशेष लक्षांत घ्यावी. आपण केलेलें काम ठेवलें जातें कोठें? हीं सॉफ्टवेअरें मूळ कच्च्या फाइलीस हात लावीत नाहींत. उजेड इतका वाढवा, छटा इतकी काढा, कडा इतकी कापा, अशी कृति तीं निराळी लिहून ठेवितात. मूळ शिधा शाबूत राहतो ही मोठी सोय आहे. परंतु ती कृति ज्याच्या त्याच्या सांकेतिक भाषेंत असते. ॲडोबीचें लाइटरूम क्लासिक ती आपल्या मोठ्या नोंदवहींत ठेवितें, आणि सांगितल्यास चित्राशेजारीं लहान फाइलींतहि लिहितें. डार्कटेबल व रॉथेरपी हीं प्रत्येक चित्राशेजारीं अशी फाइल ठेवितात. चित्राचें शीर्षक, सूचक शब्द, तारे, असली माहिती बहुधा एकाकडून दुसऱ्याकडे जाते. रंग-उजेडाची कृति मात्र जात नाहीं, किंवा फारच थोडी जाते. अर्थात् दहा वर्षांनीं आचारी बदलला तर दहा वर्षांचा स्वयंपाक पुन्हां करावा लागण्याचा संभव असतो.

असे प्रसंग प्रत्यक्ष आलेले आहेत. ॲपल कंपनीचें ॲपर्चर हें सॉफ्टवेअर २००५ सालीं निघालें आणि पुष्कळ व्यवसायी लोक तें वापरूं लागले. २०१४ सालीं कंपनीनें त्याचा विकास थांबविल्याचें जाहीर केलें, २०१५ सालीं विक्री बंद झाली, आणि २०१९ मध्यें आलेल्या कॅटालिना या प्रणालीवर तें चालेनासें झालें. लाइटरूम २००७ सालीं आलें. एकदांच पैसे भरून कायमचें घेतां येईल अशी त्याची शेवटची आवृत्ति २०१५ ची सहावी. २०१७ पासून पुढच्या आवृत्त्या वर्गणीवरच मिळतात. वर्गणी थांबली तर लाइटरूम क्लासिकमधील चित्रें दिसतात, बाहेरहि काढतां येतात. परंतु नवें संस्करण करण्याचा विभाग बंद होतो. यांत फसवणूक मुळींच नाहीं. वर्गणीच्या बदल्यांत नव्या नव्या कॅमेऱ्यांची सोय होते आणि सुधारणा सतत येत राहतात. २०२३ पासून त्यांत कृत्रिम बुद्धीच्या साहाय्यानें चित्रांतील खर काढण्याची सोय आली, ती मंद उजेडांतल्या चित्रांस फार उपयोगी आहे. घेणाऱ्यानें आपण काय घेतों तें समजून घ्यावें, एवढेंच माझें म्हणणें.

आतां निरनिराळे आचारी थोडक्यांत सांगतों. पहिला प्रकार कॅमेरा करणाऱ्या कंपन्यांचा. निकॉनचें एनएक्स स्टुडिओ व कॅननचें डिजिटल फोटो प्रोफेशनल हीं विनामूल्य मिळतात. आपल्याच कॅमेऱ्याच्या फाइली तीं उघडतात, आणि रंग बव्हंशीं कॅमेऱ्यांत दिसला तसाच देतात. नवशिक्यास हा आरंभ उत्तम. दुसरा प्रकार विकाऊ सॉफ्टवेअरांचा. त्यांत लाइटरूम आहे, डेन्मार्कमधील कॅप्चर वन आहे, आणि फ्रान्समधील डीएक्सओ फोटोलॅब आहे. शेवटचें एकदांच पैसे भरून घेतां येतें. नवी आवृत्ति पाहिजे असल्यास तिचे पैसे निराळे पडतात. तिसरा प्रकार मुक्त सॉफ्टवेअरांचा. डार्कटेबलचा आरंभ योहानेस हानिका यांनीं केला व २००९ सालीं तें लोकांपुढें आलें. रॉथेरपीचा मूळ कर्ता गाबोर होर्वाथ. २०१० सालीं तें मुक्त परवान्याखालीं खुलें झालें. हीं दोन्ही विनामूल्य आहेत, आणि त्यांचा घडणीचा मजकूर सर्वांस खुला असल्यामुळें मूळ कर्त्यानें काम सोडलें तरी दुसरे कोणी तें पुढें चालवूं शकतात. त्यांची अडचण अशी कीं, डार्कटेबलमध्यें साधनांची एवढी गर्दी आहे कीं नवा मनुष्य गोंधळून जातो. पुष्कळ मुलें गिंपचें नांव घेतात. तें चित्र रंगविण्या-जोडण्याच्या कामाचें आहे. कच्ची फाइल तें स्वतः शिजवीत नाहीं, डार्कटेबल किंवा रॉथेरपीकडे सोंपवितें.

मंडळांत आमची पद्धति अशी आहे. पहिल्या सत्रांत प्रत्येकानें रॉ आणि जेपेग दोन्ही एकदम काढावयाचें, आणि कॅमेऱ्याबरोबरचें विनामूल्य सॉफ्टवेअर वापरावयाचें. दुसऱ्या सत्रांत डार्कटेबल शिकवावयाचें, तेंहि त्यांतील पांच साधनांपुरतें: उजेड, पांढऱ्या रंगाचा तोल, उजेड-सावलीची उतरण, खर काढणें व कडा कापणें. मुलांच्या घरीं निरनिराळे संगणक आहेत, आणि कोणाच्याहि वडिलांवर वर्गणीचा भार पडूं नये असें मला वाटतें. म्हणून ही निवड.

ही निवड सर्वांस पटली आहे असें मात्र नाहीं. मंडळांत एक नववीची विद्यार्थिनी आहे. तिच्या वडिलांचा स्टुडिओ आहे, आणि तेथें लाइटरूमवर काम चालतें. ती एके दिवशीं मला म्हणाली, "सर, आमच्याकडे लग्नसराईंत एका आठवड्यांत चार हजार फोटो येतात. तुमच्या पद्धतीनें एकेका फोटोला दोन संध्याकाळ दिल्या, तर अल्बम हातीं पडेपर्यंत नवरानवरीच्या मुलाची मुंज येईल!" सर्व वर्ग हंसला, मीहि हंसलों. तिचें म्हणणें अगदीं रास्त होतें. ज्याचें पोट या कामावर आहे त्याला वेळ म्हणजेच पैसा. चार हजार चित्रांची निवड करणें, एकाचा संस्कार शंभरांवर चढविणें, गिऱ्हाइकास मुदतींत देणें, हें ज्या साधनानें लवकर होतें तें महाग असलें तरी त्याला स्वस्तच पडतें. तिच्या वडिलांची निवड त्यांच्या धंद्यास योग्य आहे, आणि मंडळाची निवड मंडळास योग्य आहे.

तरी पालकांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. मुलानें सहा महिने विनामूल्य सॉफ्टवेअरवर नेटानें काम केल्यावांचून वर्गणी भरूं नये. भरावयाची झाल्यास एका महिन्याची रक्कम पाहूं नये. मूल शाळा सोडीपर्यंत किती होईल तो हिशेब मांडावा. आपल्या कॅमेऱ्याची फाइल तें सॉफ्टवेअर उघडतें कीं नाहीं, आणि घरचा संगणक त्याचा भार सोसतो कीं नाहीं, हें आधीं पाहावें. जुनें सॉफ्टवेअर नव्या कॅमेऱ्याची फाइल पुष्कळदां ओळखीत नाहीं. ॲडोबीनें २००४ सालीं डीएनजी नांवाचा सर्वांस खुला नमुना काढला, आणि निरनिराळ्या कॅमेऱ्यांच्या फाइली त्यांत बदलण्याचें साधन विनामूल्य ठेविलें आहे. अशा अडचणींत तें कामास येतें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, पहिले पैसे सॉफ्टवेअरवर खर्च न करतां दुसऱ्या डिस्कवर करावे. कच्च्या फाइलींची एक प्रत घरांत दुसऱ्या डिस्कवर, आणि एक घराबाहेर, आप्ताकडे किंवा इंटरनेटवरील कोठारांत, असावी. जीं चित्रें खरोखर प्रिय आहेत तीं पुरीं झाल्यावर टिफ व जेपेग या सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपांत काढून ठेवावीं, आणि निवडक चित्रें कागदावर छापून घ्यावीं. छापलेल्या चित्रास कोणतेंहि सॉफ्टवेअर लागत नाहीं.

आचारी आज हा, उद्यां तो. शिधा जपला असेल, तर वीस वर्षांनीं आजच्याहून कुशल आचारी येईल आणि त्याच दाण्यांतून अधिक चांगलें ताट वाढील. परंतु पदार्थाची चव कशी होती, हें ठाऊक असणारीं माणसें तोंवर असतीलच असें नाहीं. मूळ रंग त्यांच्या स्मरणांत असतो, आणि त्या स्मरणाची प्रत काढून ठेवण्याची सोय कोठेंहि नाहीं.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, या मे महिन्याच्या सुटींत एक काम करा. घरांतील सर्वांत वयोवृद्ध माणसाचें, तें आपल्या नित्याच्या कामांत असतांना, एक छायाचित्र घ्या. कॅमेऱ्यांत किंवा मोबाइलमध्यें सोय असेल तर रॉमध्यें घ्या. तें कोणत्याहि दोन सॉफ्टवेअरांत सिद्ध करा, आणि त्या माणसास ज्यांनीं जन्मभर पाहिलें आहे अशा कोणास तरी शेजारीं बसवून विचारा, "रंग असाच आहे का?" त्यांनीं काय सांगितलें तें लिहून ठेवा, आणि दोन्ही चित्रें जूनमध्यें मंडळाच्या पहिल्या बैठकीस घेऊन या. कोणतें सॉफ्टवेअर घ्यावें, तें आपण तेव्हां त्या चित्रांवरून ठरवूं.